कंबरदुखी आणि ॲक्युपंक्चर: पहिल्या सहा सिटिंगपर्यंतची वाट

ओट्यापाशी उभं राहून पाच चपात्या झाल्या की मला खुर्ची लागायची. सहावी लाटायला घेतली की कमरेच्या डाव्या बाजूला, बोटभर जागेत, कुणीतरी पाना लावून नट आवळतंय असं व्हायचं. तीन वर्षं हे चाललं. मलम, पट्टा, शेक, गोळ्या, फिजिओ, शिवाय भेटेल त्याचा एक उपाय, सगळं करून झालं. मग ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायचा चिनी उपचार. तिथे जाताना मला कुणी धड काही सांगितलं नव्हतं. आधी माहीत असतं तर पैसे आणि चिडचिड दोन्ही वाचलं असतं, ते इथे क्रमाने लिहिते. माझं दुखणं कमरेचं, म्हणून उदाहरणंही कमरेची. गुडघा, मान, डोकेदुखी यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सुईआधी डॉक्टर

जुनं दुखणं म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेलं. ते कशामुळे आहे हे एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या. सुया टोचणाऱ्याकडे थेट जाऊ नका, कारण दुखणं कमी झालं म्हणजे कारण गेलं असं होत नाही.

काही खुणा दिसल्या तर ॲक्युपंक्चरचा विचार बाजूला ठेवायचा आणि आधी दवाखाना गाठायचा. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधली, सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, तासही न दवडता. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, किंवा रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी वेदना, यांचाही आधी छडा लागायला हवा.

हे सगळं नाही आणि डॉक्टर म्हणताहेत, 'वयाप्रमाणे झीज आहे, व्यायाम करा, वजन बघा', तर पुढचं वाचा.

किती आशा धरायची

ॲक्युपंक्चरने मणक्यातली गादी जागेवर सरकत नाही, गुडघ्याची झीज भरून येत नाही. 'गॅप भरून देतो' असं कुणी म्हणालं तर चपला घालून निघायचं. दुखणं काही काळ बोथट होणं, तेवढ्यात आपल्याला हालचाल करता येणं, इतकंच मागणं रास्त आहे. आणि तेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

एक चाचणी मला फार बोलकी वाटते. जर्मनीत कमरेच्या जुन्या दुखण्याचे १,१६२ रुग्ण तीन गटांत विभागले. एका गटाला चिनी पद्धतीने ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला मुद्दाम बिंदू सोडून, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले: औषधं, फिजिओ, व्यायाम. निकाल २००७ साली आला. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला होता, दुसऱ्या गटात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे ॲक्युपंक्चरवाले आणि त्यांचे विरोधक दोघेही मिरवतात. एक म्हणतो, बघा, नेहमीच्या उपचारांहून कितीतरी सरस. दुसरा म्हणतो, बघा, खऱ्या-खोट्या बिंदूंत फरकच नाही. दोघंही खरंच बोलताहेत. मला नवख्या माणसासाठी त्यातून दोन कामाच्या गोष्टी दिसतात. फरक पडायची शक्यता साधारण निम्मी धरावी. आणि सुई नेमक्या केसभर जागी पडण्याला आपण समजतो तितकं महत्त्व नाही, म्हणून 'गुप्त बिंदू' जाणणाऱ्या कुणा महागुरूसाठी दोनशे किलोमीटर प्रवास करून कमरेला आणखी ताप देऊ नये. (या एका वाक्याने माझी मावशी माझ्यावर रागावणार आहे. ती असाच प्रवास करते.)

तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीत औषधांच्या आधी करून बघायच्या उपायांत ॲक्युपंक्चर घातलं. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नका म्हटलं. त्याच संस्थेने २०२१ मध्ये, ठोस कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी, त्याचा एक कोर्स करून बघायला हरकत नाही असं सांगितलं.

काम कसं होतं म्हणाल, तर जुनी चिनी मांडणी अशी की शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते, ती अडली की दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण यादीत या वाटांवरचे ३६१ बिंदू आहेत. आजचं शरीरशास्त्र त्या वाटा दाखवू शकत नाही. सुईने तिथल्या चेतातंतूंना चाळवलं की मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतात, एंडॉर्फिन त्यातलंच, असं मात्र प्रयोगांतून दिसलं आहे. अफूचा परिणाम रोखणारं नॅलोक्झोन दिलं की सुईने मिळालेला आराम ओसरतो, हे १९७७ च्या एका प्रयोगात आढळलं. पटवून घ्यायला एवढं पुरे.

सुई कुणाच्या हातची

महाराष्ट्रात याबाबत एक सोय आहे. राज्याने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला आणि त्याखाली व्यावसायिकांची नोंदणी करणारी परिषद आली. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणून पहिला प्रश्न बिनदिक्कत विचारायचा: 'तुमचा नोंदणी क्रमांक काय?' भिंतीवर दहा प्रमाणपत्रं असतील, त्यातली चार शिबिरांची असतात. क्रमांक विचारला म्हणून ज्याला राग येतो, त्याच्याकडे पाठ उघडी करून पालथं झोपू नये.

भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो बऱ्याचदा असतो. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, म्हणून त्यांचा मान. पण ते शल्यविशारद होते. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. 'कोटणीसांची पद्धत' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर एवढं लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न सुयांचा. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. 'तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू' हे चालणार नाही, उकळून ठेवल्या तरी नाही. वापरलेल्या सुया कुठे जातात तेही बघा. नियमाप्रमाणे त्या टोचून आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात. स्टीलच्या ट्रेमध्ये कापसाबरोबर लोळत असतील तर त्या जागेबद्दल आणखी काही समजून घ्यायची गरज नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. माझी पहिली चूक इथे झाली. ज्या क्लिनिकमध्ये मी आधी गेले तिथे तपासणी सात मिनिटं झाली आणि पॅकेजची चर्चा वीस मिनिटं. 'तीस सिटिंगचं घेतलं तर पाच फ्री.' मी भरले. आठव्या सिटिंगला कळलं की फरक पडत नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत. तेव्हापासून माझा नियम: दर वेळचे पैसे दर वेळी. फार तर सहांचे एकदम.

फिजिओकडे 'ड्राय नीडलिंग' मिळतं तेही सुयांचंच काम. पण ते 'ची'च्या वाटा बघत नाहीत, स्नायूतली ताठरलेली गाठ शोधून तिच्यात सुई घालतात. ते जास्त दुखतं, हे अनुभवाने सांगते.

वही आधी, सुया मग

पहिल्या सिटिंगच्या आधी एक आठवडा वहीत रोज तीन ओळी लिहा. दुखणं शून्य ते दहापैकी किती. गोळी घेतली का, कुठली. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या रोजच्या कामातलं एक माप. माझं माप चपात्यांचं: बसावं लागण्याआधी किती झाल्या. शेजारच्या काकांनी एसटी स्टँडपर्यंत न थांबता जाता येतं का हे धरलं. कुणाला कमोडवरून हात न टेकता उठणं हे माप असेल, लाजू नका.

हे का? कारण सुया टोचून आल्यावर 'बरं वाटतंय' असं सगळ्यांनाच वाटतं. अर्धा तास अंधाऱ्या खोलीत कुणी हाका न मारता पडून राहायला मिळालं, तर माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला बरंच वाटेल. चपात्यांचा आकडा एवढा भाबडा नसतो.

जायच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका, अगदी भरल्या पोटीही नको. दीड-दोन तास आधी खाल्लेलं असावं. सैल कपडे घाला. पायजमा गुडघ्याच्या वर सहज सरकला पाहिजे. साडी नेसून गेलात तर निऱ्या सांभाळण्यातच जीव जातो. बाईमाणसाने सोबत कुणाला न्यावं आणि आत बसू द्या म्हणावं. कुठलाही भला डॉक्टर नाही म्हणत नाही.

चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. यादी मात्र न्यायची आणि वाचून दाखवायची. रक्त पातळ करणारं काही चालू आहे का (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन), पेसमेकर आहे का, मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली आहे का, गरोदरपण आहे का. अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू, घोट्याच्या वरचा आतला बिंदू आणि आणखी काही बिंदू गरोदरपणात परंपरेनेच टाळतात. पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला सूज असेल तर त्या हातावर सुई नको. आणि जिथे गळू, पुरळ किंवा जखम आहे तिथेही नको.

टेबलावर

कंबरेसाठी बहुतेक वेळा पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. पहिल्याच वेळी मी मान एका बाजूला वळवून वीस मिनिटं पडले आणि कंबर राहिली बाजूला, मान धरली. तोंडासाठी भोक असलेलं टेबल नसेल तर कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी मागा.

सुई बघितली की धीर येतो. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि हिच्या दुप्पट-तिप्पट जाड. एक बारीक प्लास्टिकची नळी कातडीवर उभी धरतात, तिच्यात सुई असते, डोकं किंचित वर आलेलं. त्यावर बोटाने टक्‌ करून एक टिचकी. मुंगी चावल्याइतकं कळतं, कधी तेही नाही. मग नळी काढून सुई हलके फिरवत आत नेतात.

जागा शोधायचं माप मला फार आवडलं. फूटपट्टी नाही, रुग्णाचीच बोटं. तुमच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', जोडलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन. आपल्या वैद्यांच्या अंगुळासारखंच. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर दाबून बघा, एक हळवी जागा सापडेल. तो 'जूसानली', म्हणजे पायातले तीन ली. 'ली' हे चिनी अंतर. दुसरा बिंदू गुडघ्याच्या मागे, पाय दुमडला की घडी पडते तिच्या मधोमध. त्याला 'वेइजोंग' म्हणतात. चिनी विद्यार्थी ज्या ओळी घोकतात त्यात आहे की कंबर-पाठ दुखली तर वेइजोंगकडे जा. म्हणून कंबर दुखत असताना पोटरीवर सुया बघून 'यांनी फाईल बदलली की काय' असं वाटून घेऊ नका. या जागा दाबून बघायच्या फक्त. घरी सुई घेऊन प्रयोग करायचे नाहीत.

सुई आत गेल्यावर एक वेगळीच भावना येते. जडपणा, ओढ, बधिरल्यासारखं, हळू पसरणारी बोथट कळ. याला 'दे-ची' म्हणतात, ची आली. ही अपेक्षित आहे. पण झिणझिण्या देत पायाच्या अंगठ्यापर्यंत सणकन गेली, किंवा टोकदार दुखतंय, तर लगेच बोला. सहन करणाऱ्याला इथे बक्षीस नसतं. सुया असताना कूस बदलायची नाही, खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगायचं.

मग वीस ते तीस मिनिटं तसंच पडायचं. काही जण सुयांना छोटे चिमटे लावून मंद करंट देतात, टकटक जाणवते, स्नायू उडतो. काही जण मॉक्सा जाळून शेक देतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. जोतिबाला वाहिलेला दवणा माहीत असेल त्याला त्या धुरात एक ओळखीची धार लागेल. दम्याच्या माणसाने मात्र नको म्हणावं. पायाची संवेदना कमी असलेल्या मधुमेह्यानेही, कारण भाजलेलं कळत नाही.

पहिल्या वेळी काहींना घेरी येते, घाम फुटतो, मळमळतं. सांगितलं की सुया काढतात, आडवं ठेवून पाय उंच करतात, बरं वाटतं. म्हणूनच पहिली सिटिंग खुर्चीवर बसून घेऊ नये. उठण्याआधी सुया मोजून घ्यायला सांगा. माझ्या पोटरीत एक राहिली होती, ती मला पायजमा खाली करताना सापडली.

घरी आल्यावर

सुईच्या जागी रक्ताचा टिपका, निळा डाग, दिवसभर झोपाळलेपण, हे होतं. एक-दोन दिवस दुखणं थोडं वाढूही शकतं. पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका.

एक धोका दुर्मीळ आहे पण माहीत हवा. खांदा, पाठीचा वरचा भाग किंवा छाती इथे सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. अशा सिटिंगनंतर, काही तासांनी का होईना, दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं तर झोपून बघू म्हणायचं नाही. इमर्जन्सीत जायचं आणि सुया घेतल्याचं सांगायचं. टोचलेली जागा लाल, गरम होऊन सुजली, ताप आला, तरी डॉक्टर.

सहावी सिटिंग

आठवड्याला एक किंवा दोन, असं करत सहा पुरी करा. मग वही उघडा. दुखण्याचा आकडा सातावरून सहावर आला आणि काम तेवढंच जमतंय, तर तो फरक नव्हे. आकडा दोन-तीनने उतरला, गोळ्या कमी झाल्या, तुमचं माप पुढे सरकलं, तर पुढे जायला कारण आहे. काहीच नसेल तर थांबा. 'दुखणं जुनं आहे, वेळ लागणार' हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येतं. अशा वेळी अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, हिशोब मला उपयोगी पडला. २०२० पासून ते जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंगचे पैसे देतात. फरक दिसला तर आणखी ८. वर्षाला वीसच्या वर नाही, आणि फरक नसेल तर बंद. ज्याला खिशातून पैसे द्यायचे असतात तो किती विचार करून देतो बघा, आणि मग तीसच्या पॅकेजकडे बघा.

फरक पडला तर त्या बऱ्या दिवसांत पडून राहू नका. चालणं वाढवा, फिजिओने दिलेले व्यायाम त्याच काळात पक्के करा. सुईने उघडलेली फट फार दिवस उघडी राहत नाही.

दुसऱ्या क्लिनिकमध्ये माझ्या दहा सिटिंग झाल्या, दर वेळचे सातशे रुपये. सहाव्यानंतर वहीत नऊ चपात्या होत्या, दहाव्यानंतर तेरा. आता चौदाव्या महिन्यात अकरावर आहे, सुया बंद आहेत, चालणं चालू आहे. घरात आम्ही चारजण, अकरा पुरतात.